दोन ठोके आणि मग एक

१

मुरुडच्या उत्तरेला दर्यात तांबडा खडक म्हणून एक जागा होती. मोठ्या ओहोटीला तेवढा तिचा माथा उघडा पडायचा, एरवी वरून जाणाऱ्याला नुसतं पाणी. पण कोंडाजीला विचारा! खाली काय बहार होती ती त्यानं पाहिली होती, आणि तो सांगायला बसला की चहा गार व्हायचा पण गोष्ट संपायची नाही. तांबडी-केशरी पोवळ्याची झुडपं, जांभळे पंखे, बोट लावलं की मिटणारी फुलं, आणि त्यांतून हळदीच्या रंगाचे मासे असे सावकाश फिरायचे, जणू त्यांना कुठं जायचंच नाही.

ही गोष्ट महाराष्ट्र व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची. आगबोट अजून बंदराबाहेर येऊन भोंगा द्यायची, इंजिनाच्या होड्या आमच्याकडे यायच्या होत्या, आणि जाळी सुताचीच होती. कोळीवाड्यात मासे सगळेच धरत, पण कोंडाजी बुड्या होता. कुणाचं जाळं खडकात अडकलं, कुणाचा नांगर कपारीत फसला, की लोक त्याच्या दारात यायचे. तो दम धरून खाली जायचा आणि अडकलेलं सोडवून आणायचा. त्याचा धाकटेपणा घरात कधी गेला नाही, पण पाण्याखाली त्याला सगळे मान द्यायचे.

दर्याचंही एक पंचांग असतं. नारळी पौर्णिमेला होड्या सुटल्या तरी बुडी मारण्यात राम नसे. खाड्यांनी आणलेल्या गाळानं पाणी चहाच्या रंगाचं झालेलं, डोळ्यांपुढचा हात दिसायचा नाही. आश्विनात गाळ बसू लागायचा. दिवाळी उलटली, पहाटे जमिनीकडून गार मतलई वारा सुटू लागला, की पाणी दिवसागणिक निवळायचं. मार्गशीर्षात, तेही अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असले, भरती-ओहोटीची ओढ मंदावली, की खडकावरचा खेकडा होडीतून दिसायचा. फाल्गुनात पाणी पुन्हा हिरवट व्हायचं, अंगाला खाज आणणारे बुळबुळीत गोळे तरंगत यायचे. वैशाखात दक्षिणेचा वारा लाटा उठवू लागला की खेळ खलास. होड्या वाळूवर, आणि माणसं झापांच्या मांडवाखाली जाळी विणत बसायची.

बुडीचं निम्मं काम वर बसलेल्याचं असतं, असं कोंडाजी म्हणायचा. त्याच्यासाठी वर बसायचा त्याचा थोरला भाऊ, रावजी. बुड्या खाली गेला की वरच्यानं होडीच्या तळावर आतून धोंड्यानं ठोके द्यायचे. गढुळात, अंधाऱ्या कपारीत दिशा हरवली तर बुड्यानं ठोक्यांच्या मागे यायचं. वर पोचला की त्यानं होडीच्या बुडाला खालून दोन थापा मारायच्या. थापा आल्या की वरच्यानं धोंडा ठेवायचा आणि हात पाण्यात घालायचा. थापा येईपर्यंत मात्र ठोके थांबवायचे नाहीत, मग आभाळ का कोसळेना.

रावजीच्या उजव्या हाताचा अंगठा लहानपणी दोराच्या फासात सापडून वाकडा झाला होता. धोंडा त्याच्या हातात नीट बसायचा नाही. दोन ठोके दिले की तो निसटायला बघायचा, मग रावजी पकड बदलायचा आणि तिसरा द्यायचा. टक टक, आणि मग टक. सगळं आयुष्य कोंडाजी त्या आवाजाकडे वर येत राहिला. आईची हाकही त्याला इतकी ओळखीची नव्हती.

२

त्या वर्षी भाद्रपदात कोंडाजी हिवतापानं फणफणला होता. रावजीचा नांगर तांबड्या खडकात अडकून राहिला होता. जोडीला कुणी मिळतं का बघतो म्हणाला, पण सगळे आपापल्या होड्यांवर गेलेले. शेवटी तो एकटाच गेला.

होडी दुसऱ्या दिवशी खडकापाशीच सापडली, त्या नांगराच्याच दोराला बांधलेली, सरळ, कोरडी. आत त्याची टोपी होती, चिलीम होती, भाकरीचं फडकं होतं, आणि तो धोंडा. म्हणजे नांगर सोडवायला तो स्वतःच खाली गेला असणार. पाणी तेव्हा नुसता चिखल. आणि ठोके द्यायला वर कुणी नव्हतं.

लोकांनी किनारा पालथा घातला. बुडालेलं माणूस या किनाऱ्यावर बहुतेक परत येतं, इथं नाही तर पुढच्या गावाला येतं. रावजी आला नाही. घरातल्यांनी दर्भाचा पुतळा करून जे करायचं ते केलं. पण त्याची बायको ठमाबाई बांगड्या उतरवायला तयार होईना.

आमच्या कोळणींची एक रीत आहे. लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला द्यायच्या, माझ्या माणसाला सांभाळ म्हणून. मग जन्मभर बांगड्या डाव्याच हातात.

"उजव्या हाताच्या मी त्याला दिल्या," ठमाबाई म्हणाली. कोंडाजी नुकता तापातून उठून तिच्या ओट्यावर बसला होता. "घेताना घेतल्यान. आता डाव्या हाताच्या मागतोय तर काहीतरी दावूं दे की मला. हाड दावूं दे. करगोटा दावूं दे. असंच कसं फोडू?"

"वयनी, लोक बोलतात."

"बोलूं दे. भावजी, पानी निवळलं की तू जाशील ना? तुझ्याबिगर तिथं कोन जानार हाय?"

कोंडाजीनं मान हलवली. त्यालाही तिथं जायचं होतं, पण भीतीही वाटत होती. दादाला आपण त्या अवस्थेत पाहिलं तर पुढं उभ्या जन्मात तांबड्या खडकाची बहार आठवेल का, असं त्याच्या मनात आलं आणि त्या विचाराची त्याला लाज वाटली.

३

मार्गशीर्षातल्या अष्टमीला पाणी कधी नव्हे इतकं निवळ होतं. बरोबर आला सदा, कोंडाजीच्या बायकोचा भाऊ. सदा चार वर्षं मुंबईच्या गोदीत काढून आलेला, तोंडाचा फटकळ, मनाचा भला. होडी रावजीचीच, तो गेल्यापासून वाळूवर पडलेली, त्या सकाळीच पाण्यात उतरवलेली, आणि धोंडाही तोच.

"हे बघ," कोंडाजीनं त्याला बजावलं, "थापा ऐकल्याबिगर हात थांबवायचा न्हाय."

"दाजी, मी काय कुक्कुलं बाळ हाय? ठोकायचंच हाय ना? ठोकतो."

सदाचे ठोके म्हणजे वरातीतल्या नवशिक्या ढोलकीवाल्याचे. कधी चार, कधी सात, मध्येच थांबून नाक शिंकरणार. कोंडाजी हसला, छाती भरून घेतली आणि गेला.

खाली सगळं जिथल्या तिथं होतं. वरचं कोवळं उबदार पाणी संपून गार थर लागला, कान दुखून मोकळे झाले, आणि तांबडी झुडपं समोर आली. लहानपणी दादानं पहिल्यांदा त्याला इथं आणलं होतं तेव्हा वर येऊन तो रडला होता, इतकं ते छान होतं. पाण्याखाली माणसाला रडता येतं, फक्त कळत नाही.

त्यानं कपारी पाहिल्या. नांगर दिसला, दोन दगडांमध्ये रुतलेला. त्याचा दोर कुणीतरी सोडवायला घेतलेला, अर्धा सुटलेला. आसपास काही नव्हतं. कापडाची चिंधी नाही, हाड नाही.

वरून सदाची ढोलकी चालू होती. आणि तिच्या खाली, दुसऱ्या घरातून यावा तसा, आणखी एक आवाज होता. टक टक. आणि मग टक.

कोंडाजी वर आला. थापा मारल्या, सदानं हात दिला.

"तू मधीच दोन आणि एक असं मारलंस काय?"

"मी कशाला मारू? मला काय तुझ्यावानी मोजत बसायचं हाय?"

खडकावर आपटून आवाज परत येतो, कोंडाजीनं स्वतःला सांगितलं. सात ठोक्यांतले तीनच परत आले असतील. डोंगराला हाक मारली तर शेवटचं अक्षर तेवढं परत येतं, तसं. हे पटण्यासारखं होतं. त्यानं पेजेचे चार घोट घेतले, उन्हात अंग शेकलं, आणि खडकाच्या पलीकडच्या खोल बाजूला जायचं ठरवलं. तिथं एक घळ होती आणि घळीत दादा सापडायची शक्यता होती.

४

घळीत उजेड कमी होता. कोंडाजी हातांनी चाचपत गेला. शिंपले, वाळू, एक जुना फुटका माठ. दम निम्मा संपला तसा तो परतायला वळला आणि वळताना त्याच्या लक्षात आलं की सदाचे ठोके थांबले आहेत.

फोडून काढीन, असं तो मनात म्हणाला. पण घाबरायचं कारण नव्हतं, कारण दुसरे ठोके होते. टक टक. आणि मग टक. आता ते लांबचे नव्हते. स्वच्छ, सावकाश, पकड बदलायला लागतो तेवढाच वेळ मध्ये घेऊन येत होते. कोंडाजीचे हातपाय त्याला न विचारता त्या बाजूला वळले. किती वर्षांची सवय! तो आवाज आला की छातीतली घाई आपोआप शांत व्हायची, तशी आताही झाली.

समोर उजेड दिसू लागला. उजेडात होडीचं काळं बूड. मागल्या बाजूला त्यानंच गेल्या साली बसवलेली नवी फळी, इतर फळ्यांपेक्षा फिकट. बरोबर आपली होडी. ठोके थांबले आणि होडीच्या कडेवरून एक हात पाण्यात आला, कोपरापर्यंत, बोटं पसरून. अंगठा वाकडा होता.

कोंडाजीला इतका आनंद झाला की दादा गेलाय हे तो विसरून गेला. आला, वर आहे, हात देतोय. एवढंच त्याला कळलं. त्यानं आपला हात लांब केला. दोघांच्या बोटांमध्ये वीतभर अंतर राहिलं असेल.

आणि तेव्हा त्याच्या पायांखालून ठोके सुरू झाले. वेडेवाकडे, घाईघाईचे, एकावर एक. वरातीची ढोलकी.

पायांखालून? कोंडाजी थबकला. सदा खाली कसा असेल? दम संपत आला की माणसाला काहीही ऐकू येतं, त्याची बुद्धी म्हणाली. वर बघ, होडी आहे, हात आहे. पण उभ्या जन्मात त्यानं एक गोष्ट हजारदा पाहिली होती, आणि आता ती पाहिल्याशिवाय त्याच्यानं राहवेना. त्यानं तोंडातून थोडी हवा सोडली.

बुडबुडे वर गेले नाहीत. त्याच्या छातीवरून, पोटावरून, गुडघ्यांवरून घरंगळत ते पायांकडे गेले आणि तिकडेच दिसेनासे झाले.

तो हात अजून तसाच होता. बोटं किंचित हलली, ये म्हणावं तशी.

कोंडाजी उलटा फिरला आणि बुडबुड्यांच्या मागे सुटला. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दादाच्या हाताला तसं सोडून येणं त्याला जमलं नसतं, असं तो पुढं एकदाच, बायकोजवळ बोलला.

५

सदानं त्याला काखेत धरून होडीत ओढलं. कोंडाजीला बोलता यायला लागल्यावर त्यानं पहिली शिवी हासडली.

"ठोके का थांबवलेस?"

"थापा मारल्यास ना तू!" सदा ओरडला. "दोन. ह्या इथं, माझ्या पायांखाली. म्हणून धोंडा ठेवला, हात घातला. बघतो तर तू न्हायस. मंग पुन्हा ठोकायला घेतलं."

"मी थापा मारल्या न्हायत."

"मंग कुनी मारल्या?"

सदा आपला उजवा हात धोतराला पुसत राहिला. हात कधीचा सुकला होता, तरी पुसतच राहिला.

परतताना होडी जड चालली. वारा बाजूचा होता, ओढ नव्हती, तरी वल्हं मारून मारून दोघांच्या छातीचा भाता झाला. सदा म्हणाला, पाण्याचा प्रवाह फिरला असेल. कोंडाजी म्हणाला, असेल. भांगात एवढा प्रवाह नसतो हे दोघांनाही ठाऊक होतं.

ठमाबाई वाळूवर उभी होती.

"काही न्हाय मिळालं, वयनी," कोंडाजी म्हणाला. "नांगर हाय, अर्धा सोडवलेला. बाकी काही न्हाय."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, मग होडीकडे.

त्यानंतर कोंडाजी बुडीला गेला नाही. कान दुखतो, असं लोकांना सांगितलं. त्याच होडीतून तो आणि सदा मासे धरायला जात. होडी जडच राहिली. लोक चेष्टा करायचे, रावजीची होडी सासरी निघालेल्या माहेरवाशिणीसारखी चालते म्हणून. खाडीत होडी बांधलेली असताना कधी भरतीला बुडाखाली आवाज यायचा. लाट आपटते, कोंडाजी म्हणायचा. सदा म्हणायचा, "दोनदाच बरी आपटते." मग दोघंही दुसरं काहीतरी बोलायचे.

ठमाबाई मात्र रोज संध्याकाळी यायची. गुडघाभर पाण्यात उभी राहून होडीच्या फळीला तळहात लावायची आणि आगबोटीचा भोंगा होईपर्यंत तशीच राहायची.

"वयनी, सर्दी होईल. काय करतेस हितं?"

"काय न्हाय. बरं वाटतं."

कोंडाजीला वाईट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा. त्यालाही तिथं हात लावून उभं राहावंसं वाटत असे. पण त्याला बुडबुडे आठवायचे.

६

वैशाख संपत आला, दक्षिणेचा वारा सुटला. कोळीवाड्यानं होड्या वर घेतल्या. रावजीची होडी सगळ्यांनी मिळून लाकडी ओंडक्यांवरून वाळूत ओढली. या खेपेला ती हलकी लागली, इतकी की ओढणारे पुढं कोलमडले आणि हसले.

सकाळी कोंडाजी आणि सदा तिला एका कुशीवर कलती करून बसले. पावसाळ्याआधी बूड खरवडायचं आणि डांबर लावायचं. मोसमभर पाण्यात राहिलेल्या होडीला खालून बारक्या पांढऱ्या शिंपांचं दगडी कवच चढतं, बोट ठेवायला जागा राहत नाही. विळ्यानं घासून काढावं लागतं. सदा नाळेकडून लागला, कोंडाजी मागच्या बाजूनं.

फिकट फळीपाशी कोंडाजीचा विळा थांबला.

शिंपा सगळीकडे होत्या, दाट, आणि हाताला लागतील अशा टोकदार. फक्त दोन जागी नव्हत्या. तिथलं लाकूड स्वच्छ होतं, आणि रोज हात लागून उंबरठा होतो तसं गुळगुळीत झालेलं. दोन पंजे. बोटं होडीच्या कडेकडे वळलेली. उजव्या पंजाचा अंगठा वाकडा.

शिंपा त्या पंजांभोवती चढल्या होत्या. म्हणजे शिंपा धरायला लागल्या तेव्हापासून ते हात तिथून हलले नव्हते. पौषात, माघात, बाजाराला जाता-येता, होळीला होडीला पताका लावल्या तेव्हासुद्धा.

सदा येऊन मागं उभा राहिला.

"दाजी," तो म्हणाला, "त्या दिवशी हात घातला ना मी. कुनीतरी धरला होता. मला वाटलं तू. मंग अंगठा लागला. मी झटकला, दाजी. मी भ्यालो."

कोंडाजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. थापा मारल्या, हात मागितला, हात मिळाला नाही, तेव्हा दादानं जे हाताला लागलं ते धरलं. दुसरं तो काय करणार होता? वर यायची रीत त्यानंच शिकवली होती, त्यानं ती पाळली होती. कोंडाजीला एकाच वेळी तिथून पळून जावंसं वाटलं आणि त्या फळीवर डोकं टेकावंसं वाटलं.

ठमाबाई चहाची किटली घेऊन येत होती. लपवायला वेळ नव्हता, आणि लपवावंसंही त्याला वाटलं नाही. ती आली, वाकली, बघितलं. किटली वाळूत ठेवली. मग आपले दोन्ही तळहात तिनं त्या दोन पंजांत ठेवले. तिचे हात लहान, ते आत बुडून गेले. डोळे मिटून ती तशी उभी राहिली, आणि तिच्या तोंडावर एवढं समाधान कोंडाजीनं तिच्या लग्नानंतर आत्ताच पाहिलं.

मग तिनं डावा हात उचलला आणि त्याच फळीच्या कडेवर हळूच आपटला. बांगड्यांचे हिरवे तुकडे वाळूत पडले. ती रडली नाही. सदाच तोंडावर हात घेऊन रडत होता.

कोंडाजीनं चहा घेतला. डांबराचा डबा उघडला, कुंचला बुडवला. उरलेल्या शिंपा खरवडून झाल्या, बूड काळं होत आलं. कुंचला त्या पंजांपाशी पोचला तेव्हा ठमाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"तिथं नको, भावजी," ती म्हणाली. "नारळी पुनवेला होडी परत पान्यात जानार. त्यांना धरायला जागा राहूं दे."